न धुता खायची मेथी

१२ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी चारच्या सुमारास मी गोठ्याच्या मागं बॅरलमधलं जीवामृत ढवळत होते. माझ्या डायरीत त्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे: 'मेथी दोन वाफे, फवारणी.' बाकीचं मला लिहून ठेवावं लागलं नाही, ते तसंच लक्षात राहिलं.

जीवामृत म्हणजे देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे सगळं बॅरलभर पाण्यात कालवायचं, सावलीत ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. चार-पाच दिवसांत वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. जिवाणू वाढावेत म्हणूनच ते करायचं असतं. कुठले जिवाणू वाढतात हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

त्या शुक्रवारी बॅरल तळाला गेलं होतं. मेथी शनिवारी काढायची होती आणि पानं जरा पिवळट दिसत होती. नवं बॅरल तयार व्हायला चार दिवस लागणार, म्हणून मी गोठ्यातलं ताजं शेण दोन बादल्या भरून त्यातच टाकलं. फावड्यानं ओढताना गाईचं कुठलं आणि वासराचं कुठलं हे बघितलं नाही. वासराला दोन दिवस हगवण लागली होती. जनावरांचे डॉक्टर सकाळीच येऊन औषध देऊन गेले होते. सगळं एकत्र ढवळलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं, पाठीवरचा पंप भरला आणि दोन्ही वाफे न्हाऊ घालावेत तसे भिजवले. संध्याकाळपर्यंत पानं कशी तरारून आली! मी खूश होते.

ज्यांनी आम्हाला हे शिकवलं त्यांनी ते पाण्याबरोबर मुळाशी सोडायला सांगितलं होतं. पानावर मारायची हौस माझी.

आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. नवरा वारणानगरला नोकरीला, शेती मी बघते. बराचसा ऊस, आणि विहिरीच्या कडेचे दहा गुंठे पालेभाजी. मेथी, पोकळा, शेपू, कोथिंबीर. शनिवारी संध्याकाळी पेंड्या बांधायच्या आणि रविवारी पहाटे वडापच्या जीपनं दोन बुट्ट्या घेऊन कोल्हापूर गाठायचं. मंगळवार पेठेत एका घराच्या पायरीवर मी सहा वर्षं बसते. पायरी एका निवृत्त शिक्षिकेची. महापालिकेच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. सारी गल्ली त्यांना बाई म्हणते, मीही बाईच म्हणते. पहिल्या वर्षी मी समोर उन्हात बसायचे. एक दिवस त्या दारातून ओरडल्या, "ए, भाजीवाली! तुझी कोथिंबीर सुकतीय. तुझं काय व्हायचं ते होऊ दे, पण तिला तरी सावलीत आण." तेव्हापासून पायरी माझी.

माझ्याजवळ पत्र्याची एक पाटी होती. तिच्यावर मी रंगानं लिहून घेतलं होतं, 'विषमुक्त भाजी. धुवायचीही गरज नाही.' कुणी शंका काढली की मी पेंडीतली काडी मोडायचे, त्याच्यासमोर तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "बघा, औषध न्हाई, काय न्हाई. खावा." गिऱ्हाईक हसायचं आणि दोन पेंड्या घ्यायचं. आमच्या भागात मेथी कच्ची खातातच. भाकरी, खरडा, कांदा आणि मेथीची कोवळी पानं असली की जेवण झालं. बाई तर बाकी कशावाचून राहतील, पण कच्च्या मेथीवाचून राहणार नाहीत. सून म्हणायची, "आत्ती, निदान पाण्यातून काढा." आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. त्यावर बाई माझ्याकडं बोट दाखवायच्या. "पाटी वाचता येत नाही का तुला? धुतली की चव जाते."

१४ तारखेच्या रविवारी नेहमीसारखं झालं. बाईंनी सगळ्यात कोवळी पेंडी निवडून घेतली. मी दहाच्या आत रिकामी होऊन परत निघाले.

पुढच्या रविवारी गेले तर दार बंद. मी बुट्ट्या उतरवल्या, पाटी लावली आणि विकायला बसले. थोड्या वेळानं सून दवाखान्यातून घरी आली, डबा न्यायला. डोळे सुजलेले. मी विचारलं तर म्हणाली, "आत्ती ॲडमिट आहेत. गुरुवारपासून जुलाब, परवापासून रक्त पडतंय. पोटात अशी कळ मारतीय की ओरडतात."

"कशानं?"

"तेच कळेना. डॉक्टर सारखं विचारतात, बाहेरचं काय खाल्लं, कच्चं काय खाल्लं. आम्ही घरात सगळ्यांनी तेच खाल्लं. आत्ती बाहेरचं खातच नाहीत. कच्ची फक्त ती तुमची मेथी, पण ती विषमुक्त. तिच्यात काय असणार?"

एवढं बोलून ती आत गेली. मी तिथंच बसून मोजलं. शुक्रवारी फवारलं, शनिवारी काढलं, रविवारी विकलं, गुरुवारी जुलाब. आणि वासराची हगवण. मला कुणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं गोठ्यात काढलेल्या बाईला एवढं जुळवता येतं. माझ्यापुढं बुट्टीत त्याच वाफ्यातली राहिलेली मेथी होती. मी तिच्यावर पोतं टाकलं.

एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. "मेथी दोन द्या."

"मेथी न्हाई आज."

"अहो, पोत्याखालनं दिसतीय की!"

"ती माझ्या जनावरास्नी हाय."

"आमच्यापेक्षा जनावरांचे लाड जास्त व्हय?" म्हणत तो शेपू घेऊन गेला. बाकीची विक्री निम्म्यावर टाकून मी सगळं आवरलं आणि सुनेबरोबर दवाखान्यात गेले.

खोटं कशाला सांगू, रस्त्यात एकदा मनात आलं की गप्प बसावं. सुनेला संशय नव्हता. बाई बऱ्या झाल्या असत्या, मी पुढच्या वेळी काळजी घेतली असती, पायरी राहिली असती. पण डॉक्टर सारखं विचारत होते आणि उत्तर एकट्या माझ्याकडं होतं. आजारी जनावर घेऊन डॉक्टरकडं जावं आणि त्यानं काय खाल्लं ते लपवावं, असलं आम्ही कधी केलं नाही. माणसाच्या बाबतीत तरी कसं करायचं?

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सुनेला सगळं सांगितलं. बॅरल, ताजं शेण, वासरू, फवारणी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

"मग आता आभार मानू होय तुमचे?"

ती उठली आणि म्हणाली, "चला, डॉक्टरांना सांगा. जसंच्या तसं."

डॉक्टर म्हणजे तिशीची मुलगी, पायात कापडी बूट, बोलणं भराभर. मी सांगितलं तसं तिनं खुर्ची पुढं ओढली.

"ताजं शेण पानावर? आणि दुसऱ्या दिवशी काढली?"

"व्हय."

"वासराला जुलाब होते?"

"व्हय. पातळ, पिवळे."

"बरं झालं सांगितलंत. मी दुसरी एक तपासणी लावते. ती मुद्दाम सांगितल्याशिवाय लॅबवाले करत नाहीत." मग सुनेकडं वळून, "घरी जुलाब थांबायची गोळी दिली होती?"

"पहिल्या दिवशी दोन दिल्या. मेडिकलमधनं आणलेल्या."

"आता अजिबात नको. हे बाहेर पडू दे."

मग तिनं आम्हाला समजावलं. जनावराच्या पोटात काही जंतू सुखानं राहतात. गाय धडधाकट असते, दूध देते, तिला काही होत नाही. तोच जंतू माणसाच्या आतड्यात गेला की रक्त काढतो. आणि म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर जुलाब कमी झाल्यावर कधी कधी त्याचं विष किडनीला धरतं. "पुढचे तीन-चार दिवस महत्त्वाचे. लघवी किती होते ते मोजायचं, लिहून ठेवायचं. कमी झाली तर लगेच मला सांगायचं."

"माझ्या मेथीनंच झालं का?" मी विचारलं.

"तपासणी यायची आहे. शंभर टक्के मी म्हणणार नाही. पण मला दुसरं काही दिसत नाही."

"पण मी रोज तीच खाते. मला का न्हाई झालं?"

"तुम्ही रोज गोठ्यात असता, तुमच्या शरीराला थोडी सवय असेल. किंवा तुमचं नशीब. ह्या बहात्तरच्या आहेत, ह्यांच्याकडं दोन्ही नाही."

मला ती मुलगी आवडली. उगीच धीर दिला नाही, उगीच भीती घातली नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो वैरण कापत होता. "काय बी बोलतीस. आपल्या बापजाद्यांनी शेणात जन्म काढला. शेणानं सारवलं, शेणी थापल्या. कोण मेलं?"

"शेणात काढला, पण शेणाचं पाणी पाल्यावर मारून दुसऱ्या दिवशी खाल्लं का कुणी? उकिरड्यात वरीसभर कुजायचं खत. मग उन्हाळ्यात रानात पडायचं, नांगरायचं, आन् मग पेरायचं. तुमच्या आईनं शेणाचा हात कधी धुतल्याबिगर भाकरीला लावला व्हता?"

त्याच्या आईचं हात धुणं सगळ्या गावाला माहीत होतं. राखेनं घासून कोपरापर्यंत धुवायची, नव्या सुनेलाही उभं करून धुवायला लावायची. मी त्या वेळी वैतागायचे.

"मग आता काय करतीस?" त्यानं विचारलं.

"मेथी गाडते."

"सगळी?"

"मग काय, निम्मी?"

सोमवारी सकाळी दोन्ही वाफे कुदळून मेथी मातीत गाडली. पोत्याखालची जनावरांना घातली नाही, तीही त्यातच पुरली. बॅरलमधलं उरलेलं उसाच्या सरीत सोडलं. उसाला चालतं, तो कुणी कच्च्या पानासकट खात नाही. मग आमच्या सेंद्रिय शेतीच्या गटातल्या चार बायकांच्या घरी गेले. त्याही जीवामृत करतात, त्यातल्या दोघी कोथिंबिरीवर मारायच्या. एक म्हणाली, "अगं, पण आपण त्याला अमृत म्हणतोय की!" मी म्हटलं, "नाव आपण ठेवलंय. जंतूला ते माहीत न्हाई." तिला पटलं असं नाही, पण फवारणी बंद करते म्हणाली.

मंगळवार आणि बुधवार मी दुपारी दवाखान्यात जाऊन बसले, म्हणजे सुनेला घरी जाऊन आंघोळ करता यायची, तासभर पडता यायचं. ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. "चारशे झाली सकाळपासनं. वहीत लिहा." एवढंच. लघवीचं मोजायचं भांडं, वही आणि पेन कॉटखाली ठेवलेलं होतं. मंगळवारी दुपारी बारा ते चार काहीच झाली नाही. मी नर्सला तीनदा सांगितलं, डॉक्टरला बोलवायला लावलं. डॉक्टरनं येऊन सलाईन वाढवलं, रक्त घेतलं. पाच वाजता दीडशे झाली. मी वहीत 'दीडशे' असं अक्षरी लिहिलं, पुन्हा आकड्यात लिहिलं. दीडशेचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

बाईंना तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. बुधवारी सकाळचा किडनीचा रिपोर्ट चांगला आला आणि त्या उशीला टेकून बसल्या. मला बघून म्हणाल्या, "तू रोज येतीस म्हणे. तुझी शेती कोण बघतं?"

मी सांगून टाकलं. उभ्यानंच. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, झोपल्या.

मग म्हणाल्या, "म्हणजे मी शेण खाल्लं."

"व्हय, बाई."

"आजारी वासराचं."

"व्हय."

"छत्तीस वर्षं पोरांना विचारत आले, शेण खाल्लंस का रे? आणि शेवटी खाल्लं कुणी?" त्यांना हसू आलं, हसताना पोटात कळ आली, कळ आली तशी मला एक शिवी दिली. शाळेतल्या बाईंना ती शिवी येत असेल असं मला वाटलं नव्हतं. सून दारात उभी होती. तीही हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या तपासणीत तोच जंतू निघाला. शुक्रवारी बाईंना घरी सोडलं.

रविवारी मी बुट्ट्या घेऊन गेले. मेथी नव्हती, कोथिंबीर नव्हती. पोकळा, वांगी, दुधी असं शिजवायचंच आणलं होतं. पायरीवर बसू का नको हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी पहिल्या वर्षीसारखी समोर उन्हात बसले. सून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"तिकडं काय बसलाय?"

"म्हटलं, तुम्हास्नी चालंल का न्हाई."

"मला नाही चालत," ती म्हणाली. "पण आत्तींनी खुर्ची टाकायला सांगितलीय. पायरी त्यांची आहे, माझी नाही. या."

बाई दारात खुर्चीवर येऊन बसल्या. अंगावर शाल, चेहरा उतरलेला, आवाज मात्र तोच. त्यांनी आधी पाटी मागितली. सुनेला खडू आणायला लावला. "पहिली ओळ राहू दे. दुसरी पूस." रंग कसला पुसतोय! मग सुनेनं त्यावर कागद चिकटवला आणि बाईंनी सांगितलं तसं लिहिलं, 'वाहत्या पाण्यात धुऊन, शिजवून खावी.'

"आता प्रत्येकाला सांग," बाई म्हणाल्या. "काय झालं ते. पाटी कुणी वाचत नाही."

मी सांगितलं. एकेकाला, मोठ्यानं. १४ तारखेची मेथी माझी होती, तिच्यावर शेणाचं पाणी होतं, बाई तिच्यानं आजारी पडल्या. कुणाच्या घरी त्रास झाला असेल तर सांगा. दोघी-तिघी काही न घेता निघून गेल्या. त्यातली एक आजवर परत आलेली नाही. बहुतेकांनी मेथी शिजवली होती, त्यांना काही झालं नव्हतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मात्र कपाळाला हात लावून उभा राहिला.

"काकू, आमच्या घरी मी आणि बंधू, दोघं तीन दिवस आडवे होतो की! आणि आम्ही जाऊन मिसळवाल्याला शिव्या घालून आलो!"

"मग जावा, माफी मागून या," बाई म्हणाल्या.

"माफी कशाची? आता जाऊन परत मिसळ खातो. त्याला तेवढंच पुरं." तो गेला. सगळी गल्ली हसली.

दहा वाजता मी आवरायला लागले. बुट्टीत निम्मी भाजी तशीच होती, आणि तरी मला बरं वाटत होतं. बाई म्हणाल्या, "मेथी कधी आणतीस?"

सून आतून म्हणाली, "आत्ती!"

"शिजवून खाईन. सगळ्यांदेखत सांगते. पण आणायची तिनंच. दुसऱ्या कुणाची कुठं उगवली, काय मारलं, मला काय ठाऊक? हिनं काय मारलं ते हिनं सांगितलं."

"महिना लागंल," मी म्हटलं. "नवा वाफा करावा लागंल."

"कर मग. बसलीस काय?"

सोमवारी सकाळी सहाला उठले. जुने दोन वाफे गोठ्याच्या खालच्या अंगाला होते. गोठा धुतला की तिथलं पाणी तिकडंच वाहायचं, हे सहा वर्षांत माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि दिसत नव्हतं. नवा वाफा विहिरीच्या वरच्या अंगाला घेतला. गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून कुजलेलं उकिरड्याच्या तळाचं खत, हातात घेतलं की माती वाटावी असं, ते त्यात मिसळलं, वाफा सारखा केला, पाणी दिलं. वासरू बरं झालं होतं, दाव्याला हिसके देत होतं. त्याला दुसऱ्या टोकाला बांधलं. गोठ्यातल्या चपला बांधावर काढल्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि मेथीचं बी फोकलं.